लोणावळ्याचा मासा कावेरीत

चामराजपुरममध्ये बसून आज लोणावळ्याबद्दल बोलायचंय, एका माशामुळे.

१९४६ साली इथल्याच म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी कबिनी नदीत १२० पौंडांचा महसीर गळाने काढला. चौपन्न किलो! तो कावेरीचा स्वतःचा, पाठीला कुबड असलेला महसीर. आपल्या मुळा-मुठेतला निळ्या परांचा खुद्री वेगळा. त्याचं शास्त्रीय नाव कर्नल साईक्सने १८३९ मध्ये ठेवलं.

हा खुद्री कमी होऊ लागला, तेव्हा १९७० च्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या वीजकंपनीने त्याची पैदास सुरू केली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांचा त्यात मोठा वाटा. विणीला आलेले मासे पावसाळ्यात तलावातून जाळ्याने धरायचे, पोट हलकेच दाबून अंडी काढायची, त्यांत नराचं रेत मिसळायचं. काम मोलाचंच.

पण ही बोटुकली पुढे कावेरीतही सोडली गेली. खुद्री तिथे फोफावला, कुबडवाला दिसेनासा झाला. धरणं, सुरुंग, वाळूउपसा हेही होतंच; पण संशोधकांचं बोट या पाहुण्याकडेही आहे. चूक कुणी वाईट हेतूने केली नव्हती, हे मला जास्त टोचतं.

कुबडवाल्याचं शास्त्रीय नाव २०१८ मध्ये नक्की झालं: टॉर रेमादेवी. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. आता थोडे उरलेत, ते मोयार नदीकडे.