मागे राहिलेलं सामान

१९१९ साल सरत आलं होतं. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखला जाणारा टी. ई. लॉरेन्स ऑक्सफर्डला निघाला होता. वाटेत रेडिंग स्टेशनवर गाडी बदलायची होती, म्हणून तो तिथल्या उपाहारगृहात थांबला. निघताना त्याची बॅग तिथंच राहिली. बॅगेत 'सेव्हन पिलर्स ऑफ विज्डम' या पुस्तकाच्या पहिल्या खर्ड्याचा बहुतेक सगळा भाग होता. विचारपूस झाली, शोध झाला, पण बॅग कधीच मिळाली नाही. लॉरेन्सनं तो प्रचंड ग्रंथ बराचसा स्मरणातून पुन्हा लिहून काढला. आज लोक वाचतात ते पुस्तक त्या दुसऱ्यांदा उपसलेल्या कष्टांतून आलेलं आहे.

आता १६ ऑक्टोबर १९९९ चं न्यूयॉर्क पाहा. विख्यात चेलोवादक यो-यो मा टॅक्सीतून उतरले, भाडं दिलं आणि चालू लागले. १७३३ साली व्हेनिसमध्ये डोमेनिको मोंतान्याना यानं घडवलेला, सुमारे २५ लाख डॉलर किमतीचा चेलो टॅक्सीच्या डिकीतच राहिला. त्यांच्याकडे एक गोष्ट मात्र होती, ती म्हणजे भाड्याची पावती. त्या पावतीवरून टॅक्सी कोणती ते कळलं आणि पोलिसांनी ती क्वीन्समधल्या एका गॅरेजमध्ये शोधून काढली. चेलो त्याच दिवशी परत मिळाला.

विसरणं दोघांचं सारखंच. फरक पडला तो वस्तू आणि मालक यांना जोडणारा दुवा शाबूत राहिला की तुटला, एवढ्यामुळे. मागे राहिलेल्या वस्तूंचा सगळा इतिहास हा दुवा कुणी जपायचा, या प्रश्नाभोवती फिरत आला आहे. गेली दोनशे वर्षं त्याचं उत्तर ठरलेलं होतं: ज्याला वस्तू सापडली त्यानं. गेल्या काही वर्षांत प्रथमच हे उत्तर बदलू लागलं आहे.

लंडनमध्ये भाड्याच्या घोडागाडीत सामान राहून जाणं इतकं नित्याचं होतं की त्यासाठी कायद्यात तरतूद करावी लागली. १८५३ च्या कायद्यानं गाडीवानावर बंधन घातलं, की उतारूची राहिलेली वस्तू चोवीस तासांच्या आत पोलीस ठाण्यात जमा करायची. मालकानं ती सोडवून नेताना गाडीवानाला बक्षिसी द्यायची. ही बक्षिसीची सोय फार शहाणपणाची होती. दिवसभर थंडीवाऱ्यात गाडी हाकणाऱ्या माणसानं वाट वाकडी करून ठाण्यात जावं, तर त्याच्या वेळेचं मोल कुणीतरी मानायला हवं, हे तिनं ओळखलं होतं. १९३३ मध्ये लंडनच्या बस, ट्राम आणि भुयारी रेल्वे एका मंडळाखाली आल्या, तेव्हा या कामाला बेकर स्ट्रीटवर कायमची जागा मिळाली. तिथलं कार्यालय २०१९ पर्यंत चाललं. कोविडच्या आधीच्या काळात वर्षाला तीन लाखांच्या घरात वस्तू तिथं येत. छत्र्या, फोन आणि पाकिटं तर होतीच. पण कवळ्या, कृत्रिम पाय आणि माणसांच्या अस्थींचे कलशही त्या फळ्यांवर येऊन पडले.

पॅरिसची परंपरा याहून जुनी. १८०५ मध्ये, नेपोलियनच्या राजवटीत, शहरात सापडलेल्या वस्तू पोलिसांकडे एका ठिकाणी जमा करण्याची पद्धत सुरू झाली. पुढं लुई लेपिन या पोलीसप्रमुखानं तिला शिस्त लावली आणि वस्तू नुसत्या सांभाळून न ठेवता मालकाचा माग काढायचा, असं ठरवलं. मालक येईल म्हणून वाट पाहणं वेगळं आणि त्याला शोधत जाणं वेगळं. लेपिनचं पाऊल लहान दिसतं, पण इथून पुढच्या सगळ्या सुधारणा त्याच दिशेनं झाल्या.

या बाबतीत जपाननं जे उभं केलं, त्याला तोड नाही. तिथला हरवलेल्या वस्तूंचा कायदा १८९९ चा, आणि २००७ पासून तो नव्या रूपात लागू आहे. रस्त्यात काही सापडलं तर सात दिवसांच्या आत पोलिसांकडे द्यायचं, आगगाडीत किंवा दुकानात सापडलं तर चोवीस तासांत तिथल्या कर्मचाऱ्यांकडे. मालक मिळाला तर सापडवणाऱ्याला वस्तूच्या किमतीच्या ५ ते २० टक्के मोबदला मागता येतो. तीन महिन्यांत मालक आला नाही, तर एरवी वस्तू सापडवणाऱ्याचीच होते. फोन किंवा ओळखपत्रासारख्या खासगी माहितीच्या वस्तू तेवढ्या याला अपवाद. 'कोबान' म्हणजे नाक्यानाक्यावरची छोटी पोलीस चौकी. सापडलेलं पाकीट तिथं नेऊन देणं लहान मुलांच्याही अंगवळणी पडलेलं असतं. टोकियोत २०१८ या एका वर्षात सुमारे ४१ लाख वस्तू पोलिसांकडे आल्या. फोनांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मालकांच्या हाती परत गेले. छत्र्या मात्र तीन लाखांवर जमल्या आणि त्यांतल्या जेमतेम एक टक्का कुणी येऊन नेल्या. सापडवणाऱ्यानं आपलं काम चोख केलं तरी मालकालाच परत येण्याची गरज वाटली नाही, तर सगळी यंत्रणा छत्र्यांची राखण करत बसते.

आपल्याकडे कायदेमंडळींनी या प्रश्नाचा विचार केला तो थेट माणसाच्या मनात शिरून. मेकॉलेच्या नेतृत्वाखाली मसुदा झालेली भारतीय दंडसंहिता १८६० मध्ये मंजूर झाली. तिच्या ४०३ व्या कलमाखालची उदाहरणं एखाद्या कथासंग्रहासारखी वाचता येतात. हमरस्त्यावर एकाला रुपया सापडतो, कुणाचा ते कळायला मार्ग नाही, तो उचलतो. गुन्हा नाही. दुसऱ्याला पत्र सापडतं आणि त्यात बँकेची नोट असते. पत्ता आणि मजकूर वाचून मालक कोण ते कळतं, तरीही तो नोट ठेवून घेतो. गुन्हा आहे. तिसरा एकाच्या हातून पाकीट पडताना पाहतो, परत देण्याच्या हेतूनं उचलतो आणि मग त्याचं मन फिरतं. गुन्हा आहे. चौथ्याला मौल्यवान अंगठी मिळते आणि मालकाचा तपास न करता तो ती लगेच विकून टाकतो. हाही गुन्हाच. चारही गोष्टींत कसोटी एकच: मालक कळला होता का, किंवा कळू शकला असता का? पुढं १८७२ च्या करार कायद्यानं सापडवणाऱ्यावर सांभाळाची जबाबदारी टाकली आणि त्याला हक्कही दिला. मालकानं बक्षीस जाहीर केलं असेल, तर ते मिळेपर्यंत त्याला वस्तू अडवून ठेवता येते. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेनं घेतली. तिच्या ३१४ व्या कलमात ४०३ मागचा विचार कायम आहे.

मुंबईत मात्र हा विचार एका जखमेपाशी येऊन अडखळला. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत काही मिनिटांच्या आत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसं गेली. बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा, ही सूचना मुंबईकराच्या कानात कायमची बसली. ती आवश्यकच होती. पण तिच्यामुळे रॅकवर राहिलेल्या बॅगेकडे पाहण्याची नजर बदलली. पूर्वी शेजारचा प्रवासी बॅग उचलून स्टेशनमास्तरकडे नेऊन देई. आता त्याच बॅगेपासून लोक लांब सरकतात. आज रेल्वे सुरक्षा दल 'ऑपरेशन अमानत' या नावानं राहिलेलं सामान मालकांपर्यंत पोहोचवतं, आणि त्या कामाची वाखाणणी करावी तेवढी थोडीच. तरीही सर्वसामान्य सापडवणाऱ्याचा हात मागे गेला, तो गेलाच.

सापडवणारा असा दूर होत असतानाच दुसरीकडे मालकाला वेळीच सावध करण्याची खटपट सुरू झाली होती. २००६ मध्ये नोकियानं 'वायब्री' नावाचं अत्यल्प वीज खाणारं बिनतारी तंत्र जाहीर केलं. २०१० मध्ये ते ब्लूटूथच्या चौथ्या आवृत्तीत सामावलं गेलं. आता नाण्याएवढ्या बॅटरीवर महिनोन्‌महिने चालणारी खूणचकती बनवणं शक्य झालं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या 'टाइल' या नव्या कंपनीनं लोकांकडून आगाऊ नोंदणी घेऊन २६ लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. तिची खरी कल्पना चकतीत नव्हती, लोकांच्या फोनांत होती. एकाची हरवलेली किल्ली दुसऱ्या कुणाच्या फोनजवळून गेली, की तो फोन गुपचूप ठिकाण कळवणार. ॲपलनं २०१९ मध्ये हीच गोष्ट कोट्यवधी फोनांच्या बळावर केली आणि ३० एप्रिल २०२१ रोजी 'एअरटॅग' बाजारात आणला. चकती आपली ओळख ठरावीक वेळानं बदलत राहते. वाटेतला फोन ठिकाण कुलूपबंद करून पाठवतो आणि ते कुलूप फक्त मालकाला उघडता येतं. दंडसंहितेतला सापडवणारा इथं नकळत सापडवणारा झाला. त्याला काही ठरवावं लागत नाही, त्याचं मन फिरायला वावच नाही.

तरीही हा झाला वस्तू हरवल्यानंतरचा उपाय. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेल्या 'आयओएस १५' या ॲपलच्या फोनप्रणालीत, वस्तू मागे राहतेय असं दिसताच फोनवर इशारा देण्याची सोय आली. टाइलनं पैसे भरणाऱ्या ग्राहकांना अशी सूचना आधीच देऊ केली होती. या इशाऱ्यात चकती स्वतः ओरडत नाही. ती फक्त 'मी इथं आहे' असा क्षीण संदेश अखंड पाठवत असते. फोनला तो ऐकू येईनासा झाला आणि फोन स्वतः पुढं सरकताना दिसला, की फोन जागा होतो. गुरांच्या गळ्यात घंटा बांधणारा गुराखी हेच करत आला आहे: आवाज येतोय तोवर निर्धास्त, आवाज थांबला की उठायचं.

अडचणही त्या शांततेतच आहे. ब्लूटूथचा संदेश माणसाच्या शरीरानं, भिंतीनं, गर्दीनं सहज अडतो. दर वेळी तो तुटला की फोन वाजू लागला, तर दिवसभर तेच होईल आणि चार दिवसांत माणूस इशाराच बंद करून टाकेल. म्हणून फोन मुद्दाम थोडा थांबतो, खात्री करून घेतो. घरासारखी नेहमीची ठिकाणं यातून वगळता येतात. हॉटेलच्या खुर्चीवर बॅग राहिली असेल, तर ही थोडी उशिराची सूचनाही पुरते. माणूस दोन गल्ल्या मागे फिरतो. पण दादरला उतरलेल्या प्रवाशाची बॅग लोकलबरोबर निघून गेली असेल, तर फोन वाजेपर्यंत ती पुढच्या स्टेशनात पोहोचलेली असते. तिथं इशाऱ्याचा उपयोग वेगळा: गाडी कोणती, डबा कोणता हे आठवणीत ताजं असतानाच रेल्वेच्या १३९ या मदतक्रमांकावर कळवता येतं. सापडवणाऱ्या माणसाची गरज त्यानं संपत नाही. त्याला कुठं पाहायचं तेवढं सांगता येतं.

याच तंत्राचा एक काळा वापर फार लवकर पुढं आला. दुसऱ्याच्या, बहुतेकदा एखाद्या स्त्रीच्या, पर्समध्ये किंवा गाडीत चकती लपवली की तिचा माग काढता येतो. मालकापासून दुरावलेल्या चकतीनं आपोआप आवाज करायचा, पण सुरुवातीला त्यासाठी तीन दिवस जात. जून २०२१ मध्ये तो काळ ८ ते २४ तासांवर आणला गेला. अँड्रॉइड वापरणाऱ्यांना आपोआप सावध करणारी सामायिक व्यवस्था ॲपल आणि गुगलनं मे २०२४ मध्ये आणली. माल विकायला काढण्याआधी हे व्हायला हवं होतं. पाकीट वाचवण्यासाठी बनवलेल्या वस्तूनं माणसाला धोक्यात घालणं अक्षम्य आहे, आणि त्या तीन वर्षांच्या दिरंगाईचं समर्थन करता येणार नाही.

विमानतळांवर मात्र चकतीनं प्रवाशांच्या बाजूनं बळ दिलं. २०२२ च्या उन्हाळ्यात युरोपातल्या विमानतळांवर बॅगांचे ढीग साचले, तेव्हा आपली बॅग कुठं आहे हे प्रवाशांना फोनवर दिसत होतं, पण खिडकीतला कर्मचारी ते मानायला तयार नसे. त्या ऑक्टोबरमध्ये लुफ्तान्सानं सामानातल्या चालू चकत्यांवर बंदी असल्याचं सांगितलं आणि काही दिवसांतच ते मागे घेतलं. अखेर २०२४ च्या शेवटी ॲपलनं वस्तूचं ठिकाण विमान कंपनीला दुव्याद्वारे दाखवण्याची सोय केली. हरवलेल्या बॅगांचा जगभर माग ठेवणारी सिटा संस्थेची 'वर्ल्डट्रेसर' यंत्रणाही तिला जोडली गेली. २०२५ मध्ये एअर इंडियानंही ही सोय आपल्या ॲपमध्ये आणली. बॅग मिळाली की तो दुवा आपोआप बंद होतो. नाही मिळाली तरी सात दिवसांनी त्याची मुदत संपते.