सोडा, पॉप आणि डोप

मंडळी, आजचा विषय फलकावर वाचून काही श्रोत्यांना हसू आल्याचे आम्ही दारातच पाहिले. कामगार चळवळीत जन्म काढलेल्या माणसाने ह्या व्यासपीठावरून संपाचा इतिहास सांगावा, बोनसचा कायदा सांगावा. अमेरिकेतले लोक बाटलीतल्या गोड पाण्याला कोणत्या गावी काय म्हणतात, हे सांगत बसणे म्हणजे ऐन उन्हाळ्यात तुमच्या तहानेची थट्टाच. पण ह्या विषयाकडे आम्ही आपण होऊन गेलो नाही. आमच्या एका चुकीने आम्हांला तिकडे नेले. ती चूकच आधी सांगतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वी यंत्रमाग कामगारांच्या एका अभ्यासवर्गासाठी आम्ही अमेरिकेच्या दक्षिणेकडील, म्हणजे नॉर्थ व साउथ कॅरोलिना आणि जॉर्जिया ह्या राज्यांतील, कापड गिरण्यांचा इतिहास वाचीत होतो. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे; इंग्रजी आम्ही कोश मांडीवर घेऊन शिकलो. त्या वाचनात 'डोप वॅगन' असा शब्द आला. पाळी चालू असताना ही 'डोपची गाडी' साच्यांच्या रांगांमधून फिरे आणि कामगार उभ्या उभ्या तीवरून 'डोप' घेत. कोश उघडला तर डोप म्हणजे अंमली पदार्थ! दुसऱ्याच दिवशी आम्ही वर्गात ठोकून दिले की, तिकडचे गिरणीमालक कामगारांना अफू चारून साच्यापाशी उभे ठेवीत. पोरे चकित झाली आणि आम्हीही आपल्या विद्वत्तेवर खूष झालो. आठवड्याने पुढचे प्रकरण वाचले तेव्हा समजले की, त्या गाडीवर बाटल्या होत्या त्या कोका-कोलाच्या. पुढच्या वर्गात चूक कबूल करावी लागली. मागच्या बाकावरचा एक जॉबर म्हणाला, "अण्णा, ते राहू द्या. पण साध्या सरबताला अफूचं नाव पाडलं कुणी?" त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. तेव्हापासून हा नाद लागला.

अमेरिकेत भाषा एकच, पेयही बहुधा तेच. पण नाव मात्र प्रांताप्रांताने बदलते. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया ह्या पूर्वेच्या शहरांत आणि पश्चिमेला कॅलिफोर्नियात ते 'सोडा'. पिट्सबर्ग, डेट्रॉइट, शिकागो ह्या कारखानदारीच्या पट्ट्यात आणि तेथून पार वायव्य किनाऱ्यापर्यंत ते 'पॉप'. दक्षिणेत सरसकट सगळ्याच बाटल्यांना 'कोक', म्हणजे गिऱ्हाईक कोक मागते, दुकानदार विचारतो "कोणता?", आणि गिऱ्हाईक म्हणते "संत्र्याचा". ह्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. बॉस्टनच्या आसपास जुनी माणसे 'टॉनिक' म्हणत आली. पेनसिल्व्हेनिया ह्या एकाच राज्याच्या पूर्वेला सोडा आणि पश्चिमेला पॉप आहे. मिसिसिपी नदीकाठचे सेंट लुई आणि उत्तरेचे मिलवॉकी ही दोन शहरे तर पॉपच्या मुलखाला लागून असूनही सोड्याची बेटे होऊन बसली आहेत.

ही सारी मोजदाद हौशी माणसांची नव्हे. हान्स कुराथ ह्या पंडिताने १९३० नंतर न्यू इंग्लंडचे, म्हणजे ईशान्येकडील सहा राज्यांचे, गावोगाव फिरून बोलीचे नकाशे करविले. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या फ्रेडरिक कॅसिडी ह्यांनी १९६५ ते १९७० ह्या काळात आपली माणसे देशभर १,००२ गावांत धाडली. सोळाशेंहून अधिक प्रश्नांची यादी बरोबर घेऊन ती माणसे मोटारगाड्यांतून फिरत आणि त्या गाड्यांना त्यांनी नाव दिले होते 'वर्ड वॅगन', शब्दांची गाडी. एक गाडी डोप विकीत फिरली, दुसरी शब्द वेचीत फिरली. पहिलीचे चाक थांबायला आले होते तेव्हा दुसरी निघाली, हे आमच्या मते त्या देशाचे भाग्य. त्या कोशाचा पहिला खंड १९८५ साली निघाला आणि काम पुरे व्हायला २०१३ साल उजाडले.

नावे पडली कशी? 'सोडा' हे सर्वांत थोरले. इंग्लंडात लीड्स येथे १७६७ साली जोसेफ प्रीस्टली हा धर्मोपदेशक बिअरच्या कारखान्याशेजारी राहत असे. आंबणाऱ्या हौदांवर जो वायू तरंगतो तो त्याने पाण्यात मुरविला. सोड्याचे क्षार घातलेले असे पाणी औषध म्हणून विकू लागले. पुढे क्षार गेले, नाव राहिले. अमेरिकेत ते औषधवाल्याच्या दुकानी, संगमरवरी ओट्यावरच्या नळातून, पेल्यात मिळे. 'पॉप' हे नाव बाटलीचे. बूच उडताना होणारा आवाज तेच नाव. इंग्रज कवी रॉबर्ट साउदी ह्याने १८१२ सालच्या एका पत्रात त्याची हीच व्युत्पत्ती दिली आहे. ओट्यापाशी उभे राहून पिण्याची फुरसत ज्या गावात होती तेथे सोडा टिकला आणि डब्यासोबत बाटली घेऊन कामावर जाणाऱ्यांच्या गावात पॉप रुजला, असे आमचे अनुमान आहे. अनुमानच, सेंट लुई त्यात बसत नाही हे आम्हांला ठाऊक आहे.

'टॉनिक' औषधाच्या कपाटातून आले. मॅसॅच्युसेट्समधील लोवेल शहरी १८८० नंतरच्या दशकात ऑगस्टिन थॉम्प्सन नावाच्या डॉक्टराने 'मॉक्सी' हे कडवट पेय 'मज्जातंतूंचे अन्न' म्हणून बाजारात आणले. लोवेल हे नाव कामगारांच्या इतिहासात सोन्याचे आहे. तेथील गिरण्यांत शेतकऱ्यांच्या मुली काम करीत आणि मजुरी कापली म्हणून १८३४ साली त्यांनी काम बंद पाडले होते. पुढे स्वस्त मजुरीच्या शोधात कापड धंदा न्यू इंग्लंड सोडून दक्षिणेत गेला. टॉनिक हा शब्द मात्र त्याच्यामागे गेला नाही. दक्षिणेत आणखी एक औषधवाला आधीच बसला होता.

तो म्हणजे अटलांटाचा जॉन पेंबर्टन. १८८६ च्या मे महिन्यात त्याने कोका-कोला प्रथम विकले, तेही औषधाच्या दुकानातच, पाच सेंटला पेला. कोकाच्या पानांचा अर्क त्यात होता आणि त्या अर्काबरोबर कोकेनही थोडेफार होते. १९०३ च्या सुमारास ते काढून टाकण्यात आले, पण लोकांच्या तोंडून ते काढणार कोण? 'डोप' हा शब्द मुळात डच. अर्थ सॉस, दाट पातळ रस. पाकाला डोप म्हणत आणि अमली द्रव्यालाही डोप म्हणत. गिरणी कामगाराने दोन्ही अर्थ एका बाटलीत भरले. त्या जॉबरच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे.

१८९९ साली चॅटानूगाच्या दोन वकिलांनी बाटल्या भरण्याचा हक्क जवळजवळ फुकट, म्हणजे एका डॉलरला, मिळविला आणि पेय शहरातल्या ओट्यावरून उतरून गिरणीगावात शिरले. ह्या गिरणीगावात घर मालकाचे आणि दुकानही पुष्कळदा मालकाचेच. पाळी अकरा-बारा तासांची. जेवणाची सुटी बेताची, साचा थांबवायचा नाही. मग गाडी साच्यापाशी यायची: बाटल्या, बिस्किटे, शेंगदाणे आणि डोकेदुखीच्या पुड्या. कापसाचे तंतू नाकातोंडात आणि खडखडाट कानात घेऊन उभा असलेला माणूस पुडी तोंडात टाकी, वर डोपचा घोट घेई आणि तुटलेला धागा जोडायला वळे. मालकाची ह्या गाडीला हरकत नव्हती. ती कशाला असेल? माणूस जागचा हलत नव्हता. आमच्याकडच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये पोऱ्या किटली घेऊन मागापाशी येतो आणि कामगार एका हाताने चहा पितो, दुसऱ्या हाताने कांडी बदलतो. तो चहा आम्ही कधी गोड मानून घेतलेला नाही.

आता ह्या शब्दाचा खटला ऐका, कारण आमच्या मते सर्व गोष्टीचा गाभा तेथे आहे. कोका-कोला कंपनीला 'कोक' आणि 'डोप' ही दोन्ही टोपणनावे नकोशी होती. पूर्ण नाव घेऊनच मागा, नाहीतर भलतेच गळ्यात मारतील, असे ती जाहिरातींतून बजावीत असे. लोकांनी ऐकले नाही. तेवढ्यात दुसऱ्या एका कंपनीने 'कोक' ह्याच उच्चाराचे नाव निराळ्या अक्षरांनी लिहून आपला माल काढला. ती 'डोप' हेही नाव वापरी. १९२० च्या डिसेंबरात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स ह्यांनी लिहिले, त्याचा भावार्थ असा की, कोका-कोला हे नाव आता एकाच ठिकाणाहून येणाऱ्या एकाच वस्तूचे म्हणून लोकांना ठाऊक झाले आहे, सबब प्रतिस्पर्ध्याने तसले नाव वापरू नये. पण 'डोप' हा शब्द मोघम आहे, त्याच्यावर बंदी घालता येणार नाही. हे तेच होम्स, ज्यांनी १९०५ साली बेकरी कामगारांच्या दहा तासांच्या कायद्याच्या बाजूने आपले वेगळे मत नोंदविले होते. त्या मतासाठी आम्ही त्यांना नमस्कार करतो. ह्या निकालाबद्दल आमची तक्रारही नाही.

फक्त परिणाम पाहा. कोक हा शब्द लोकांनी पाडला, कंपनीने त्याला वीस-तीस वर्षे नाक मुरडले आणि १९४१ साली जाहिरातीत तोच मिरवायला काढला. १९४५ साली तो तिच्या नावावर रीतसर नोंदला गेला. डोप हा शब्द न्यायालयाने मोकळा ठेवला. त्याच्यावर कोणी हक्क सांगितला नाही, कोणी त्याची जाहिरात केली नाही. तो राहिला गाडीवर.

आणि गाडीचे दिवस बरे नव्हते. १९२० नंतर दक्षिणेतील गिरण्यांत त्याच मजुरीत अधिक साचे सांभाळण्याची सक्ती सुरू झाली. आपल्या मुंबईत १९२८ साली दोन साच्यांचे तीन साचे करण्यावरून सहा महिने संप चालला, त्याचेच हे भावंड. १९२९ साली गॅस्टोनियाच्या लोरे मिलमध्ये संप झाला. १९३४ च्या सप्टेंबरात सुमारे चार लाख कापड कामगार अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, उत्तरेत आणि दक्षिणेत, एकदम संपावर गेले. साउथ कॅरोलिनातील हॉनिया पाथ येथे गिरणीच्या दारात सात माणसे गोळ्यांनी मेली. बावीस दिवसांनी संप मागे घेतला गेला आणि हजारोंना पुन्हा कामावर घेतले नाही. ज्यांना घेतले त्यांच्या रांगेतून गाडी पूर्ववत फिरू लागली. पुढे नाणे टाकले की बाटली देणारी यंत्रे भिंतीला लागली. कोकची किंमत १८८६ पासून ह्या शतकाच्या मध्यापर्यंत पाच सेंटच राहिली, त्याचे एक कारण हे यंत्र. त्याला पाच सेंटचे एकच नाणे गिळता येत असे. मी 'ह्या शतकाच्या' म्हटले ते सवयीने. विसावे शतक म्हणावयाचे होते. यंत्राशी बोलावे लागत नाही. तेथे डोप मागायची गरज उरली नाही आणि शब्द म्हाताऱ्यांच्या तोंडी राहिला.

एक गोष्ट मात्र गाळून चालणार नाही. दक्षिणेच्या गिरण्यांत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापर्यंत काळ्या माणसाला साच्यावर बहुधा उभे करीत नसत. त्याच्या वाट्याला झाडलोट आणि गाठी वाहणे. सोड्याच्या ओट्यावर बसून पिणेही त्याला मना. १९ ऑगस्ट १९५८ रोजी ओक्लाहोमा सिटीत इतिहास शिकविणाऱ्या क्लारा लूपर ह्या बाई तेरा मुलांना घेऊन कॅट्झ ह्या औषधाच्या दुकानात गेल्या. मुले ओट्यापाशी बसली आणि त्यांनी तेरा कोक मागितले. मिळाले नाहीत. मुले उठली नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. थोड्याच दिवसांत दुकानाने माघार घेतली. शब्दाचे नकाशे करणाऱ्यांच्या यादीत 'तुम्ही ह्याला काय म्हणता' हा प्रश्न असतो, 'मागितल्यावर तुम्हांला ते देतात काय' हा नसतो.

आपल्याकडचे थोडके. गोटी सोडा हा हायरम कॉड ह्या इंग्रजाने १८७२ च्या सुमारास काढलेल्या बाटलीचा मराठी संसार. तिकडे लोकांनी आवाजावरून नाव पाडले, आपण गोटीवरून. १९७७ साली जॉर्ज फर्नांडिस, म्हणजे मुंबईच्या कामगारांतून वर आलेला पुढारी, उद्योगमंत्री असताना कोका-कोला कंपनी परकीय चलनाच्या कायद्याखाली भांडवलाचा हिस्सा सोडण्यापेक्षा देश सोडून गेली. सरकारने '७७' नावाचे पेय काढून पाहिले, ते काही चालले नाही. कंपनी १९९३ साली परतली. नव्या शतकाच्या आरंभी तिने हिंदीत जाहिरात केली की, थंडा म्हणजे आपलेच पेय. तिकडे कंपनीचे नाव लोकांनी सर्वांसाठी वापरले. येथे सर्वांचा शब्द कंपनीने आपल्यासाठी मागितला. पण पाहुण्याला 'थंडा घेणार?' म्हणून विचारणारा माणूस अजून कोकमाचे सरबतही पुढे करतो, असा आमचा अनुभव आहे.

गिरणगावातील गिरण्या गेल्या, सोलापूरच्या गेल्या. त्या खात्यांत चहा कशातून येई, सोडावॉटर कोण आणी, त्या माणसाला काय नावाने हाक मारीत, त्या बाटलीला काय म्हणत, हे सांगणारी माणसे ह्या सभागृहात आज बसली आहेत. आमच्यापाशी मोटारगाडी नाही. दाराशी एक वही ठेवली आहे आणि पेन्सिल दोरीने बांधली आहे. जाताना आपला शब्द, गाव आणि खाते तेवढे लिहून जावे.