बार्शीच्या रुळापासून कोयनेच्या भिंतीपर्यंत

सोलापूरच्या दोशी घराण्याचा परंपरागत धंदा कापसाचा व सावकारीचा. शेठ वालचंद हिराचंद यांचे मन त्यात रमले नाही. रेल्वेतील नोकरी सोडलेल्या लक्ष्मणराव फाटकांशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेचे छोटे कंत्राट घेतले. बोरघाटातील बोगद्यांचे अवघड कामही पेलले. १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. १९५३ साली शेठजी निवर्तले, पण घराण्याने कारभार पुढे चालविला.

कोयनेचे धरण याच कंपनीने बांधले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले, माणसे दगावली. धरणाला तडे गेले, परंतु भिंत उभी राहिली. दैव म्हणा वा बांधणी! मग तडे बुजवून तिला मागून भक्कम आधार देण्यात आला. धरणाचा तो जीर्णोद्धारच. २००९ साली खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतूही याच कंपनीचा.