दिनविशेष, ३० ऑक्टोबर : गुडघा टेकून वाजवणारा ड्रमर

त्रिलोक गुर्टू यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९५१ रोजी मुंबईत झाला. आई ठुमरीगायिका शोभा गुर्टू, तबला लहानपणापासून हाताशी. जॅझ-रॉकच्या ड्रमसेटपुढचं स्टूल त्यांनी काढून टाकलं आणि गुडघा टेकून वाजवलं. हा निव्वळ दिखावा, असं कुणी म्हणेल. पण तबल्याचे बोल स्नेअरवर उतरवायचे तर बैठकही तशीच हवी. अहमदपूरच्या वरातीत सगळं अंग झोकून हलगी वाजवणारा पाहिलेल्याला हे सहज पटेल. त्यांनी पाण्याच्या बादलीत बुडवलेल्या झांजेचा सूर कसा थरथरत वाकतो, ते मुद्दाम ऐकावं! 'ओरेगॉन' या जॅझ गटात ते आले ते १९८४ साली अपघातात गेलेल्या कॉलिन वॉलकॉट यांच्या जागी. अशा जागी नक्कल तग धरत नाही. १९८८ च्या 'उस्फ्रेट' या त्यांच्या अल्बममध्ये त्यांच्या ड्रमसोबत आईचाच आवाज आहे.