सावधान, विश्राम आणि दोन राजीनामे

लष्करी शाळांच्या माहितीपत्रकात एक शब्द हमखास असतो: चारित्र्यघडण. हा शब्द आपल्याकडे कसा आला, ते शोधायला मी बसलो, तेव्हा हाती लागली ती सॅण्डहर्स्टच्या दहा जागांची गोष्ट.

पहिल्या महायुद्धात भारतीय सैनिकांनी भरपूर रक्त सांडलं. त्यानंतर १९१८ पासून इंग्लंडच्या सॅण्डहर्स्ट या लष्करी महाविद्यालयात भारतीयांसाठी वर्षाला दहा जागा राखल्या गेल्या. दहाच! आणि गेलेल्यांतले बरेच जण नापास होऊन परत यायचे. इंग्रज अधिकाऱ्यांचं निदान असं, की या मुलांना पब्लिक स्कूलचं वळण नाही. त्यांना लहानपणीच उचलून वसतिगृहात ठेवलं पाहिजे. म्हणून १३ मार्च १९२२ रोजी डेहराडूनला प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते त्याच्याच नावाचं रॉयल इंडियन मिलिटरी कॉलेज सुरू झालं. नावाला कॉलेज, प्रत्यक्षात मुलांची निवासी शाळा. आज तिला आपण आरआयएमसी म्हणतो.

म्हणजे 'कॅरेक्टर' हा तेव्हा काहीसा अपमानाचा शब्द होता. तुमच्यात ते नाही, आम्ही घालून देतो, असा त्याचा सूर. ज्यांना सैन्यात अधिकारी व्हायचं होतं, त्यांनी तो गिळला.

गरज आधी आणि तत्त्वज्ञान नंतर, हा क्रम या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतो. विद्यार्थ्यांची युनिव्हर्सिटी कोअर १९१७ साली निघाली, कारण युद्धात माणसं कमी पडत होती. स्वातंत्र्याच्या तोंडावर हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीनं देशव्यापी छात्रसेनेचा विचार केला आणि १९४८ च्या कायद्यानं एनसीसी आली. १९६२ ला चीनकडून मार खाल्ल्यावर १९६३ मध्ये कॉलेजांत ती सक्तीची झाली. १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक. चारित्र्य एवढंच कारण असतं, तर पाच वर्षांत सक्ती उठली नसती.

मी स्वतः अशाच एका निवासी शाळेत सहा वर्षं काढली. पहाटेचा बिगुल, पांघरुणाच्या घडीचे कोपरे, पट्ट्याचं पितळी बक्कल तोंड दिसेल इतकं चकचकीत करणं, फॉल-इनला अर्धा मिनिट उशीर झाला तर सगळ्या हाऊसला मैदानाच्या फेऱ्या. त्यातून मला जे मिळालं ते मी नाकारत नाही. वेळेवर उठतो, स्वतःचे कपडे धुतो, आणि थकलेल्या मित्राची बॅग उचलायला मला कुणी सांगावं लागत नाही. पण दिवे गेल्यावर सीनियर जो 'रगडा' लावायचे, त्यातून काय घडलं म्हणाल, तर लपण्याच्या जागा पाठ झाल्या. दोन्ही गोष्टींना शाळा एकच नाव द्यायची: शिस्त.

म्हणून मला डेहराडूनच्या त्या शाळेतून निघालेल्या माणसांचं आयुष्य पुढे कसं गेलं, यात जास्त रस वाटतो. परमवीरचक्राचे पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा तिथलेच. ते ३ नोव्हेंबर १९४७ ला श्रीनगरजवळ बडगामला पडले. लष्करप्रमुख गोपाळ गुरुनाथ बेवूर तिथलेच. आणि सीमेपलीकडे पाकिस्तानच्या हवाई दलाचे असगर खान, भूदलाचे गुल हसन खान, तेही तिथलेच. १९७१ च्या युद्धात बेवूर आपल्या दक्षिण कमांडचे प्रमुख होते आणि गुल हसन रावळपिंडीच्या मुख्यालयात. एकाच कवायतीच्या मैदानावर घडलेली माणसं एकमेकांविरुद्ध नकाशे पसरून बसली होती. कवायत कुणाच्या बाजूनं लढायचं ते शिकवत नाही.

याच शाळेच्या पहिल्या काही मुलांत कोडग्यांचा एक मुलगा होता, के. एस. थिमय्या. पुढे ते लष्करप्रमुख झाले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी त्यांचं बिनसलं आणि १९५९ च्या ऑगस्टअखेर त्यांनी राजीनामा दिला. नेहरूंनी समजूत घातली, त्यांनी तो मागे घेतला. त्यांचं यात बरोबर होतं की चूक, यावर अजून वाद चालतात. मला स्वतःला वाटतं, देऊन मागे घेतलेल्या राजीनाम्यानं त्यांचंच वजन कमी झालं.

दुसरा राजीनामा याकूब खान यांचा. तेही आरआयएमसीचे. १९७१ च्या मार्चमध्ये ते पूर्व पाकिस्तानात पाकिस्तानी फौजेचे प्रमुख होते. बंगाल्यांचं आंदोलन बंदुकीनं मोडायचं असं इस्लामाबादचं मत पडू लागलं. याकूब खान यांचं म्हणणं, हा प्रश्न राजकीय आहे, लष्करी कारवाईनं सुटणार नाही. त्यांचं ऐकलं गेलं नाही, तेव्हा त्यांनी पद सोडलं. त्यांची पदावनती झाली. त्यांच्या जागी टिक्का खान आले आणि २५ मार्चच्या रात्री ढाक्यात जे सुरू झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. टिक्का खान यांच्या शिस्तीत कसलीच कसर नव्हती. त्यांनी हुकूम पाळला.

वसतिगृहात आम्हाला 'का?' विचारायची मुभा नव्हती, आणि बाराव्या वर्षी ती नसणं कदाचित बरंही असेल. पण मग ती कोणत्या वर्षी द्यायची, हे आमच्या वेळापत्रकात कुठेच लिहिलेलं नव्हतं. याकूब खान यांना ती कुठे मिळाली? शाळेत, की तिथून बाहेर पडल्यावर वाचलेल्या पुस्तकांत, की ढाक्याच्या रस्त्यांवर? खरं तर मला या सगळ्या इतिहासात हाच प्रश्न सगळ्यात मोठा वाटतो.

आता गंमत पाहा. ज्या मेनन यांच्याशी थिमय्या भांडले, त्याच मेनन यांच्या कल्पनेतून सैनिकी शाळा निघाल्या. अधिकारी ठरावीक प्रांतांतून आणि ठरावीक घरांतूनच येतात, हा असमतोल मोडायचा होता. देशातली पहिली सैनिक शाळा आपल्या साताऱ्याला, २३ जून १९६१ रोजी. शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या मुलाला खडकवासल्याच्या एनडीएचा रस्ता दिसला तो या शाळांमुळे. चारित्र्याच्या गप्पांपेक्षा मला हे काम मोठं वाटतं, कारण ते डोळ्यांनी दिसतं.

त्या रस्त्यावर मुलींना मात्र साठ वर्षं थांबावं लागलं. २०२१-२२ पासून सगळ्या सैनिक शाळांचे दरवाजे त्यांना उघडले, आणि २०२२ मध्ये डेहराडूनच्या शाळेनंही मुलींना घेतलं. अकरा-बारा वर्षांच्या त्या मुली आता पहाटे बिगुल वाजला की उठतात, पांघरुणाचे कोपरे जुळवतात आणि फॉल-इनला पळतात.