'गिव्ह अप' : सोडण्याच्या अनेक वाटा

'गिव्ह' म्हणजे देणे आणि 'अप' म्हणजे वर, हे इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाला पहिल्या वर्षीच कळते. पण हे दोन शब्द जोडीने आले की देणेही उरत नाही आणि वरही उरत नाही. हार मानणे, स्वाधीन करणे, पद सोडणे, व्यसन टाकणे, आशा सोडणे असे निरनिराळे अर्थ वाक्यागणिक उभे राहतात. शिकवणीच्या पुस्तकांत ते एकाखाली एक छापलेले असतात, त्यामुळे कोणताही कोणाच्या जागी चालेल असे वाटू लागते. वास्तविक त्यांतल्या प्रत्येकाची वंशावळ वेगळी आहे. ती शोधण्यासाठी आपण इंग्लंडातून निघू; पण आपला बराचसा प्रवास आजच्या अहिल्यानगर, म्हणजे कालच्या अहमदनगर जिल्ह्यात होईल.

संस्कृतात 'हृ' धातूला प्र, आ, सम्, वि हे उपसर्ग लागून प्रहार, आहार, संहार, विहार असे शब्द होतात. जुन्या इंग्रजीतही क्रियापदाचा अर्थ वळवण्याचे काम बरेचसे असेच, आधी लागणाऱ्या उपसर्गांनी चाले. पुढे उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेशी संपर्क वाढला, उपसर्ग हळूहळू मागे पडले आणि क्रियापदामागे सुटा शब्द ठेवण्याची रीत रुळली. पीटरबरो येथील मठात लिहिल्या गेलेल्या बखरीत 1132 सालाच्या नोंदीत आपल्याला हे जोडक्रियापद भेटते. राजा पहिला हेन्री याने तिथल्या मठाधिपतीला पद सोडून देश सोडायला लावले, अशी ती हकीकत आहे. म्हणजे या शब्दाच्या अगदी जुन्या वापरांपैकी एक पदत्यागाचा आहे आणि तो पदत्यागही सक्तीचा आहे.

यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी, शके 1212 म्हणजे इ. स. 1290 मध्ये, प्रवरेकाठच्या नेवाशात ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. गीतेचा अठरावा अध्याय समानार्थी वाटणाऱ्या दोन शब्दांच्या प्रश्नानेच सुरू होतो. संन्यास आणि त्याग यांत फरक काय, असे अर्जुन विचारतो. इच्छेपोटी केली जाणारी कर्मे सोडणे हा संन्यास आणि सर्व कर्मांच्या फळावरचा हक्क सोडणे हा त्याग, असा भेद तिथे सांगितला आहे. पुढे त्यागाचेही तीन प्रकार येतात. मोहाने कर्तव्य टाकणे हा तामस, शरीराला कष्ट होतील या भयाने टाकणे हा राजस आणि कर्तव्य करीत राहून आसक्ती व फळ सोडणे हा सात्त्विक. इंग्रजी माणूस ज्या अर्थाने कंटाळून, दमून 'गिव्ह अप' करतो, त्याला येथे राजस हे नाव आधीच मिळालेले आहे. कोण सोडतो याहून का सोडतो याला महत्त्व देणारी ही दृष्टी मराठीत ज्ञानदेवांनी रुजवली.

तीनशे वर्षांनी तोच प्रश्न नगरच्या भुईकोट किल्ल्यात तलवारीच्या भाषेत उभा राहिला. 1595 च्या अखेरीस अकबरपुत्र मुराद आणि खानखानान यांच्या फौजांनी वेढा घातला. निजामशाहीच्या चांदबीबीने तट राखला. 1596 च्या तहात वऱ्हाड मात्र मोगलांना तोडून द्यावे लागले. पुढच्या वेढ्यात, 1600 साली, आतल्या लोकांचे प्राण वाचवून किल्ला देण्याची बोलणी करावी असे तिच्या मनात आले. ती फितूर झाल्याची अफवा उठली आणि स्वतःच्याच लोकांनी तिला ठार केले. लवकरच किल्लाही गेला. शरण जाणे आणि फितूर होणे यांतले अंतर न ओळखण्याची एवढी मोठी किंमत क्वचितच कोणी मोजली असेल. 1759 मध्ये किल्लेदार कविजंग याने पैसे घेऊन हाच किल्ला पेशव्यांना दिला, तेव्हा खरी फितुरी घडली. 1797 मध्ये तो दौलतराव शिंद्यांकडे गेला. ऑगस्ट 1803 मध्ये आर्थर वेलस्लीच्या तोफांपुढे शिंद्यांच्या किल्लेदाराने अटी ठरवून तो खाली करून दिला. इंग्रजी कागदांत या सर्वांना एकच क्रियापद पुरले असते. आपल्याकडे मात्र प्रांत तोडून देतात, किल्ला खाली करून देतात, माणूस हवाली करतात आणि मसलत फितवतात. 'हवाली' हा फारसीतून आलेला शब्द निजामशाही-आदिलशाहीच्या कारभारात मुरला आणि मराठीच झाला.

आता कोशकारांकडे वळू. सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत मान्य केले आहे, की क्रियापदामागे असा शब्द जोडण्याची ही रीत परक्यांना सर्वांत अवघड जाते. आपल्याकडे लष्करातून आलेला जेम्स मोल्सवर्थ, म्हणजे लोकांचा 'मोलेसर', शास्त्र्यांना सोबत घेऊन बसला आणि 1831 मध्ये त्याचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. त्याच वर्षी नगरला अमेरिकन मिशन आले. 1842 मध्ये तिथूनच 'ज्ञानोदय' सुरू झाले आणि दोन भाषांची शेजारणी म्हणून ओळख वाढू लागली. 1847 मध्ये मोल्सवर्थ आणि थॉमस कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश आला. 1852 मध्ये लंडनला पीटर रॉजेने केलेली शब्दांची अर्थानुसार गटवारी प्रसिद्ध झाली. 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव मात्र लोगन पिअरसल स्मिथच्या 1925 च्या पुस्तकाने रूढ केले. ते आपल्याला हेन्री ब्रॅडलीने सुचवले, असे त्याने नोंदवले आहे. वस्तू जवळजवळ नऊशे वर्षांची आणि तिचे नाव अवघे शंभर वर्षांचे.

दरम्यान नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या आयुष्यात सोडण्याचा आणखी एक शब्द आला होता. रयतवारीत सारा झेपेना तर जमीन सोडताना तो 'राजीनामा' लिहून देई. नवा धारक 'कबुलायत' करी. फारसीत राजी असल्याचा हा कागद शेतकऱ्याच्या हाती नाइलाजाचा कागद झाला. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा उसळला आणि पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या भागांत पसरला. शेतकऱ्यांना सावकाराकडून हवे होते ते मुख्यतः कर्जरोखे. त्याने ते निमूट काढून दिले की बहुधा मारहाण होत नसे. 1879 मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला.

अर्थांची ही यादी लिहिता वाचता न येणाऱ्या माणसांनीही वाढवली. दान देताना वस्तूवर तुळशीपत्र ठेवून उदक सोडतात, म्हणून घरादारावर तुळशीपत्र ठेवणे आणि हक्कावर पाणी सोडणे. काशीयात्रेहून आलेला माणूस आवडते फळ सोडतो. उपाय खुंटले की वैद्य हात टेकतो. माळ घातलेला वारकरी मांस वर्ज्य करतो. नगर जिल्ह्यातल्या हिवरेबाजार गावाने 1989 नंतर पोपटराव पवारांच्या पुढाकाराने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी स्वीकारली. ऊस-केळीसारखी पाणी पिणारी पिके आणि शेतीसाठीची बोअरवेल सोडली. कोणी वेढा घातला नव्हता आणि कोणी विकतही घेतले नव्हते. गावाने उद्याच्या पाण्यासाठी आजचा हक्क सोडला, आणि सात्त्विक त्यागाच्या जवळ जाणारा हा अर्थ याच जिल्ह्यात पुन्हा उभा राहिला.

म्हणून 'गिव्ह अप'चा मराठी प्रतिशब्द शोधणाऱ्याने यादीतला पहिला शब्द उचलू नये. सोडणारा कोण, सोडतो कोणासाठी, आणि राजीखुशीने की बळजोरीने, हे आधी विचारावे. मराठीने या प्रत्येक प्रश्नासाठी वेगळे क्रियापद जपून ठेवले आहे. ते नेमके वापरणे हा त्या शब्दांपर्यंत पोचताना माणसांनी भोगलेल्या इतिहासाचा मान राखणे आहे.