पुराचं पाणी आणि बाळाचं दूध : २००६ सालाने शिकवलेला धडा



पावसाळ्यात नद्या फुगल्या की तान्ह्या बाळाच्या आईकडून एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टर, बाळ डब्याच्या दुधावर आहे. दूध कालवायला पाणी कुठलं वापरू?" ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडच्या अनेक घरांपुढे हाच प्रश्न होता. चहूकडे पाणीच पाणी, पण बाळाला देण्याजोगं घोटभरही नाही. या प्रश्नाचं नीट उत्तर वैद्यकशास्त्राला सहजासहजी मिळालेलं नाही. त्यामागे मोठी किंमत मोजलेला इतिहास आहे. आज तो थोडक्यात सांगतो.

बोट्सवाना, २००६

आफ्रिकेच्या दक्षिणेला बोट्सवाना हा देश आहे. तिथे एचआयव्हीचं प्रमाण फार मोठं होतं. २००५ साली दर तीन गरोदर स्त्रियांपैकी साधारण एकीला हा संसर्ग होता. आईच्या दुधातून बाळाला एचआयव्ही होऊ शकतो, म्हणून सरकारने अशा मातांना बाळासाठी पावडरचं दूध मोफत द्यायला सुरुवात केली. हेतू अगदी चांगला होता. देशात बहुतेकांना नळाचं पाणी मिळत होतं, त्यामुळे हे जमेल असंच सर्वांना वाटलं.

२००५ च्या अखेरीपासून मात्र तिथे जोरदार पाऊस सुरू झाला आणि पूर आले. जानेवारी ते मार्च २००६ या काळात लहान मुलांच्या जुलाबाची साथ पसरली. रुग्णांची संख्या तिप्पट झाली आणि मृत्यू सुमारे २५ पट वाढले. हा फरक लक्षात घ्या. आजार तिपटीने वाढला, पण त्याने जीव जाण्याचं प्रमाण कितीतरी अधिक वाढलं.

तपास पथकाने देशातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या रुग्णालयात दाखल झालेल्या १५३ मुलांचा अभ्यास केला. जवळजवळ सगळी मुलं दोन वर्षांच्या आतली होती आणि त्यांतली ८८ टक्के आईचं दूध पीत नव्हती. एकूण ३३ मुलं दगावली. त्यांत अंगावर पिणारं मूल फक्त एक होतं. अनेक मुलांच्या विष्ठेत क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी सापडला. नेहमीच्या क्लोरीनला तो दाद देत नाही, पण उकळलेल्या पाण्यात मरतो. आणखी एक गोष्ट पुढे आली. दगावलेल्या अनेक मुलांना पावडरही पुरेशी मिळालेली नव्हती. म्हणजे एकीकडे पाणी दूषित आणि दुसरीकडे पोट अर्धं रिकामं.

यात त्या आयांचा काहीही दोष नव्हता. त्यांनी सांगितलं तसंच केलं होतं. पुढे २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सल्ला बदलला. जिथे पाण्याची खात्री नाही तिथे आईने एचआयव्हीची औषधं नियमित घेत बाळाला अंगावर पाजणं अधिक सुरक्षित, असं ठरलं.

त्याच वर्षी, इंडोनेशियात

२७ मे २००६ रोजी योग्यकार्ता भागात मोठा भूकंप झाला. मदतीचा ओघ लागला आणि त्यात दुधाच्या पावडरचे डबेही भरपूर आले. ज्या घरांत लहान मुलं होती, तिथे ते सरसकट वाटले गेले, आई अंगावर पाजत असली तरीही. नंतरच्या पाहणीत दिसलं, की ज्या मुलांना असं दान मिळालं त्यांच्यातल्या सुमारे २५ टक्के मुलांना आदल्या आठवड्यात जुलाब झाले होते. ज्यांना मिळालं नव्हतं त्यांच्यात हे प्रमाण सुमारे १२ टक्के होतं. डबा आला, पण त्याबरोबर स्वच्छ पाणी, इंधन आणि भांडी आली नाहीत. म्हणूनच आता आपत्तीत पावडरचं सरसकट वाटप करू नये, असे आंतरराष्ट्रीय निर्देश आहेत. आपल्याकडे तर १९९२ च्या कायद्याने अशा दुधाच्या जाहिरातीवर आणि मोफत नमुन्यांवर बंदीच आहे.

दोष फक्त पाण्याचा नाही

२००१ साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात नवजात अतिदक्षता विभागातलं एक बाळ मेंदूच्या आवरणाला सूज येऊन दगावलं. तिथे पाणी चांगलं होतं. जंतू सापडला तो दुधाच्या पावडरमध्ये, न उघडलेल्या डब्यातसुद्धा. आज त्याला क्रोनोबॅक्टर म्हणतात. तेव्हा पक्कं लक्षात आलं, की पावडर निर्जंतुक नसते. म्हणून २००७ च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत सांगितलं गेलं, की पावडर किमान ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात कालवावी. त्या गरम पाण्याने पावडरमधले जंतूही मरतात.

तर मग आपण काय करायचं?

१. बाळ अंगावर पीत असेल तर पाजणं थांबवू नका. ताणामुळे दूध काही वेळ कमी उतरल्यासारखं वाटतं, पण आटत नाही. बाळाला वारंवार पाजत राहा.

२. पावडर लागतच असेल, तर गढूळ पाणी आधी निवळू द्या, स्वच्छ कापडाने गाळा आणि खळखळून उकळा. झाकून ठेवा आणि अर्ध्या तासाच्या आत वापरा. बाटलीबंद पाणीही उकळूनच घ्या. मात्र पाण्यात रसायनं किंवा तेल मिसळल्याची शंका असेल तर ते उकळूनही चालत नाही.

३. आधी मोजून पाणी, मग डब्यावर लिहिल्याप्रमाणे मापं. पावडर पुरवायची म्हणून दूध पातळ करू नका. भांडं गार पाण्यात धरून दूध कोमट करा आणि मनगटावर थेंब टाकून पाहा.

४. बाटली टाळा. तिचं बूच आणि कोपरे धुणं पुराच्या दिवसांत शक्य नसतं. उकळलेली वाटी-चमचा उत्तम. आपल्या आज्या बोंडल्याने पाजत, त्यातलाच हा प्रकार.

५. दर वेळी ताजं दूध करा. दोन तासांत संपलं नाही तर टाकून द्या.

६. उकळणं अजिबात शक्य नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या काहीच न करण्यापेक्षा बऱ्या, पण त्यांच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका. तयार द्रवरूप दूध मिळालं तर ते घ्या.

जुलाब होऊन बाळाचे डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, बाळ मलूल पडलं किंवा पीत नसेल, तर घरी थांबू नका. वाटेतही अंगावर पाजत राहा आणि ओआरएस देत राहा.

आणि एक विनंती. पूरग्रस्तांना मदत पाठवताना बाळासाठी म्हणून दुधाचे डबे पाठवू नका. त्याऐवजी इंधन, झाकणाची पातेली, साबण पाठवा आणि त्या बाळाच्या आईसाठी पोटभर जेवण पाठवा.